परिचर्येतील सांस्कृतिक भान : प्रा. मॅडेलिन लेनिंजर यांच्या कार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठीत रुग्णसेवेसाठी ‘शुश्रूषा’ हा शब्द रूढ आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून तो तयार झाला असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. जो सेवा करू इच्छितो त्याने आधी ऐकले पाहिजे, हा विचार या शब्दाच्या व्युत्पत्तीतच सामावलेला आहे. आधुनिक रुग्णालयाच्या व्यवस्थेत मात्र हा अर्थ मागे पडला. रुग्णाचे तापमान, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद वेळच्या वेळी होते. पण आजाराचा अर्थ तो कसा लावतो, कोणाच्या हातचे खातो, कोणासमोर बोलतो आणि कोणत्या वागणुकीला तो माया समजतो, याची नोंद करण्यासाठी तक्त्यात रकाना नसतो.

ही उणीव ओळखून तिला विद्याशाखेचे रूप देण्याचे कार्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील परिचर्येच्या प्राध्यापिका मॅडेलिन लेनिंजर (१९२५-२०१२) यांनी केले. ‘आंतरसांस्कृतिक परिचर्या’ या ज्ञानशाखेच्या त्या प्रवर्तक मानल्या जातात. आरोग्यसेवेच्या इतिहासात शोध, औषधे आणि शस्त्रक्रिया यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे परिचर्येतील विचारांना मिळत नाही. त्यामुळे परिचर्या क्षेत्राबाहेर लेनिंजर यांचे नाव फारसे परिचित नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न केवळ रुग्णालयापुरता मर्यादित नाही. निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या माणसांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, अशा प्रत्येक व्यवसायाला तो लागू पडतो. सर्वांना सारखेच वागवले म्हणजे सर्वांना समान न्याय मिळाला काय, असा तो प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लेनिंजर यांच्या कार्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) त्यांच्या सिद्धान्ताची जडणघडण व त्याचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) न्यूझीलंडमधील ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ या विचाराच्या संदर्भात त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करणे.

प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

जडणघडण आणि काळाची पार्श्वभूमी

मॅडेलिन लेनिंजर यांचा जन्म १३ जुलै १९२५ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सटन या लहानशा गावी झाला. त्यांच्या तारुण्याच्या उंबरठ्यावर दुसरे महायुद्ध सुरू होते. परिचारिकांची टंचाई भरून काढण्यासाठी अमेरिकी संघराज्य सरकारने १९४३ साली कायदा करून ‘कॅडेट नर्स कोअर’ ही योजना सुरू केली. शिक्षणाचा संपूर्ण खर्च सरकारने उचलल्यामुळे सामान्य कुटुंबांतील मुलींना या व्यवसायाचे दार उघडले. १९४८ पर्यंत या योजनेतून सुमारे १ लाख २४ हजार परिचारिका शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. लेनिंजर आणि त्यांची बहीण याच योजनेत दाखल झाल्या होत्या. लेनिंजर यांनी १९४८ साली डेन्व्हर येथील सेंट अँथनी परिचर्या विद्यालयातून पदविका मिळवली. पुढे कॅन्ससमधील अ‍ॅचिसन येथून १९५० साली पदवी आणि वॉशिंग्टन येथील कॅथलिक युनिव्हर्सिटी ऑफ अमेरिकामधून मानसोपचार परिचर्येत पदव्युत्तर पदवी घेऊन त्या अध्यापनाकडे वळल्या.

त्या काळातील परिचर्येचे शिक्षण प्रामुख्याने वैद्यकशास्त्राच्या चौकटीत होते. शरीररचना, रोग आणि उपचार यांना त्यात अग्रक्रम होता. रुग्णाचा वंश, धर्म किंवा भाषा यांकडे लक्ष न देता प्रत्येकाची सारखी सेवा करावी, हा व्यवसायाचा आदर्श मानला जाई. प्रत्यक्षात अमेरिकेतील अनेक रुग्णालयांत वर्णभेद उघडपणे पाळला जात होता. कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळे कक्ष असत, तर काही ठिकाणी त्यांना प्रवेशच नाकारला जाई. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६६ साली अमलात आलेली ‘मेडिकेअर’ ही ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना यांमुळे सरकारी निधी हवा असेल तर वर्णभेद सोडणे रुग्णालयांना भाग पडले. १९६५ च्या कायद्याने स्थलांतरितांवरील देशनिहाय कोटा रद्द केला आणि आशिया व लॅटिन अमेरिकेतून येणाऱ्यांची संख्या वाढू लागली. लेनिंजर यांच्या विचाराची वाढ आणि ही सामाजिक घुसळण एकाच काळातील आहेत. कायद्याने रुग्णालयाचे दार सर्वांसाठी उघडले. आत आलेल्या माणसाला समजून कसे घ्यायचे, हे सांगणे मात्र कायद्याच्या आवाक्यातले नव्हते.

सिनसिनाटी येथील प्रश्न

१९५० च्या दशकाच्या मध्यास लेनिंजर सिनसिनाटी येथे बाल-मानसोपचार परिचर्येचे अध्यापन करीत होत्या. मानसिक दृष्ट्या अस्वस्थ असलेल्या मुलांच्या एका निवासी केंद्रात काम करताना त्यांच्या काही गोष्टी लक्षात आल्या. निरनिराळ्या सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या मुलांचे खाणे, झोपणे, खेळणे आणि मोठ्यांशी वागणे यांत ठळक फरक होता. एकाच प्रकारच्या सेवेला ही मुले वेगवेगळा प्रतिसाद देत होती. ज्या मानसशास्त्रीय उपपत्ती त्या स्वतः शिकल्या व शिकवीत होत्या, त्यांतून या फरकांचा उलगडा होत नव्हता.

त्याच सुमारास प्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड सिनसिनाटी विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्या. बालसंगोपन आणि संस्कृती यांच्या संबंधावर मीड यांनी सामोआ आणि न्यू गिनी परिसरात काम केलेले होते. त्यांच्याशी झालेल्या चर्चांतून परिचर्या आणि मानववंशशास्त्र यांचा मेळ घालता येईल, ही लेनिंजर यांची धारणा पक्की झाली. स्थिर नोकरी असलेल्या प्राध्यापिकेने पुन्हा विद्यार्थिनी होऊन एका वेगळ्याच विषयात संशोधन करणे, ही त्या काळी सामान्य बाब नव्हती. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी सांस्कृतिक व सामाजिक मानववंशशास्त्रात पीएच.डी. संपादन केली. या विषयात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी आरंभीच्या परिचारिकांमध्ये त्यांची गणना होते.

गॅडसप लोकांमधील क्षेत्रकार्य

पीएच.डी.साठी लेनिंजर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी न्यू गिनीच्या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशातील गॅडसप या समाजाची निवड केली. या लोकांच्या दोन गावांत त्या जवळजवळ दोन वर्षे राहिल्या. तेथे रुग्णालय नव्हते आणि परिचारिका हा व्यवसायही नव्हता. तरीही माणसे एकमेकांची काळजी घेत होती. मग ही काळजी म्हणजे नेमके काय, हे त्यांनी गावकऱ्यांच्या सहवासातून शोधण्याचा प्रयत्न केला. गॅडसप समाजात काळजी म्हणजे मुख्यतः रक्षण करणे, सतत लक्ष ठेवणे आणि जपून वाढवणे, असे त्यांच्या निरीक्षणास आले. पाश्चात्त्य रुग्णालयाने गृहीत धरलेल्या ‘परिचारिका आणि एकटा रुग्ण’ या जोडीपेक्षा हे चित्र वेगळे होते, कारण काळजी ही तेथे नातेसंबंधांच्या जाळ्यातून वाहत होती.

या क्षेत्रकार्यातून लेनिंजर यांच्या पुढील विचाराची दोन सूत्रे तयार झाली. एक म्हणजे, काळजी ही सर्व मानवी समाजांत आढळते. परंतु तिचा अर्थ, तिची रूपे आणि ती व्यक्त करण्याच्या रीती समाजागणिक बदलतात. दुसरे म्हणजे, हा अर्थ बाहेरून ठरवता येत नाही; तो त्या समाजाच्या आतून समजून घ्यावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी मांडलेला ‘एमिक’ म्हणजे आतून दिसणारा आणि ‘एटिक’ म्हणजे बाहेरून पाहिलेला, हा भेद त्यांनी परिचर्येत आणला. रुग्णाचे लोकज्ञान आणि परिचारिकेचे व्यावसायिक ज्ञान ही दोन्ही ज्ञानेच आहेत, असे मानणे हा या भूमिकेचा गाभा होता. याच अनुभवातून पुढे ‘एथ्नोनर्सिंग’ नावाची गुणात्मक संशोधनपद्धती त्यांनी विकसित केली.

विद्यापीठांतील संस्थात्मक उभारणी

एखादा विचार केवळ ग्रंथांमुळे टिकत नाही. तो टिकवण्यासाठी अभ्यासक्रम, संघटना, नियतकालिक आणि विद्यार्थ्यांची पिढी लागते. लेनिंजर यांनी या चारही बाजूंनी काम केले, हे त्यांच्या कारकिर्दीचे वैशिष्ट्य होय. १९६६ साली त्या कोलोरॅडो विद्यापीठात परिचर्या आणि मानववंशशास्त्र या दोन्ही विषयांच्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या व तेथे आंतरसांस्कृतिक परिचर्येचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आणि १९७४ मध्ये युटा विद्यापीठाच्या परिचर्या विद्याशाखेच्या अधिष्ठाता म्हणून त्यांनी सूत्रे हाती घेतली. १९८१ पासून १९९५ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन व संशोधन करीत होत्या.

१९७० साली परिचर्या व मानववंशशास्त्र या दोन जगांचा मेळ घालू पाहणारा त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. १९७४ मध्ये त्यांनी ‘ट्रान्सकल्चरल नर्सिंग सोसायटी’ची स्थापना केली. १९७८ साली या विषयावरील त्यांचा पायाभूत ग्रंथ आला, तर १९८९ मध्ये सोसायटीचे स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. १९९१ च्या ग्रंथात त्यांनी आपला सिद्धान्त सविस्तर मांडला. १९९८ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ नर्सिंगने त्यांना ‘लिव्हिंग लीजंड’ हा सन्मान दिला. १० ऑगस्ट २०१२ रोजी ओमाहा येथे त्यांचे निधन झाले.

सिद्धान्ताचे स्वरूप

लेनिंजर यांचा सिद्धान्त ‘सांस्कृतिक काळजीतील विविधता आणि सार्वत्रिकता’ या नावाने ओळखला जातो. त्याचे चित्ररूप म्हणजे ‘सूर्योदय प्रतिमान’. काळजीवर प्रभाव टाकणारे सात घटक त्यात दाखवले आहेत : तंत्रज्ञान, धर्म व तत्त्वज्ञान, नातेसंबंध व समाज, सांस्कृतिक मूल्ये व जीवनरीती, राजकारण व कायदा, अर्थकारण आणि शिक्षण. या सर्वांचा विचार करून परिचारिकेने तीन प्रकारांनी निर्णय घ्यावा, असे त्या सांगतात. पहिला प्रकार जतनाचा, दुसरा जुळवून घेण्याचा आणि तिसरा पुनर्रचनेचा.

हे तीन प्रकार आपल्या परिचयाच्या उदाहरणांवरून स्पष्ट करता येतील. बाळंतिणीला आळिवाची खीर देण्याची घरची इच्छा असेल, तर एरवी तिच्या प्रकृतीला बाधा नसताना ती प्रथा जतन करण्यास हरकत नसते. रुग्णाचा रमजानचा रोजा किंवा एकादशीचा उपवास असेल, तर औषधाच्या वेळा आणि आहार यांबाबत डॉक्टरांच्या संमतीने जुळवून घेण्याचा मार्ग शोधता येतो. बंद खोलीत शेगडी पेटवून बाळ-बाळंतिणीला शेक व धुरी देण्याची प्रथा मात्र धुरामुळे दोघांनाही घातक ठरू शकते. तेथे पुनर्रचना आवश्यक असते. पण तीही आज्ञा देऊन करावयाची नाही. शेकामागील ऊब देण्याचा हेतू मान्य करून, त्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विश्वासात घेऊन ती करावयाची आहे. प्रथा म्हणजे अज्ञान असे आधीच ठरवले, तर या तिन्ही वाटा बंद होतात आणि उरतो तो केवळ उपदेश. उलट प्रत्येक प्रथा केवळ प्रथा आहे म्हणून सोडून दिली, तर परिचारिकेचे कर्तव्यच संपते. लेनिंजर यांची मांडणी या दोन्ही टोकांपासून दूर राहते, हे तिचे बलस्थान आहे.

सिद्धान्ताच्या मर्यादा आणि न्यूझीलंडमधील पर्याय

या मांडणीवर कालांतराने टीकाही झाली. संस्कृती ही जणू एखादी स्थिर वस्तू आहे आणि अमुक समाजाचे लोक असेच वागतात, अशी समजूत तिच्या वापरातून पसरू शकते, हा पहिला आक्षेप होता. वर्णद्वेष, दारिद्र्य आणि वसाहतवाद यांमुळे होणाऱ्या अन्यायाला संस्कृतीतील ‘फरक’ असे सौम्य नाव दिले जाते, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. सूर्योदय प्रतिमानात राजकारण आणि अर्थकारण यांना स्थान आहे, हे खरे. परंतु अध्यापनाच्या सोयीसाठी सिद्धान्ताचे जेव्हा सूचीत रूपांतर होते, तेव्हा आहार, पोशाख व सण एवढेच शिल्लक राहते आणि सत्तेचा प्रश्न गळून पडतो.

हा प्रश्न मध्यभागी आणण्याचे काम न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका व शिक्षणतज्ज्ञ इरिहापेटी रॅम्सडेन (१९४६-२००३) यांनी केले. माओरी समाजाचा इतिहास येथे लक्षात घ्यावा लागतो. १८४० साली ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइटांगीचा करार झाला. पण त्यानंतरच्या काळात माओरींची बहुतांश जमीन त्यांच्या हातून गेली. १९०७ च्या कायद्याने ‘तोहुंगा’ म्हणजे पारंपरिक जाणत्यांच्या उपचारांवर बंदी आणली. तो कायदा १९६२ पर्यंत रद्द झाला नाही. अशा समाजातील रुग्ण सरकारी रुग्णालयात येतो, तेव्हा तो केवळ आजार घेऊन येत नाही. त्याच्या मनात या इतिहासाची आठवणही असते.

माओरी भाषेत ‘फेनुआ’ या एकाच शब्दाचे जमीन आणि वार असे दोन्ही अर्थ होतात. बाळाची वार आपल्या भूमीत पुरणे हा त्या समाजाचा संस्कार आहे. जिथे नाळ पुरली त्या जागेशी माणसाचे नाते जुळते, असे मानणाऱ्या मराठी वाचकाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. रुग्णालयाने मात्र वारेची विल्हेवाट इतर टाकाऊ अवयवांबरोबर लावली, तर त्यात वैद्यकीय दृष्ट्या कोणतीच चूक नसते. तरीही त्या मातेचा घाव खरा असतो. तसेच माओरी श्रद्धेनुसार मस्तक पवित्र असल्याने डोक्याखालची उशी शरीराच्या खालच्या भागासाठी वापरणे हा अवमान ठरतो.

१९८८ साली ख्राइस्टचर्च येथे माओरी परिचर्या विद्यार्थिनी व शिक्षकांची एक परिषद भरली होती. तेथे एका विद्यार्थिनीने विचारले की, कायदेशीर, नैतिक आणि वैद्यकीय सुरक्षिततेविषयी एवढे बोलले जाते, तर सांस्कृतिक सुरक्षिततेचे काय? रॅम्सडेन यांनी या प्रश्नातून एक संपूर्ण विचार उभा केला. १९९० मध्ये परिचर्या शिक्षणासाठीचा त्यांचा आराखडा प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने हा विचार स्वीकारून परिचारिकांच्या राज्य परीक्षेत त्याला २० टक्के भाग दिला. त्यावर वृत्तपत्रांतून मोठा गदारोळ झाला. १९९५ मध्ये संसदीय समितीने चौकशीही केली. तरीही सांस्कृतिक सुरक्षितता अभ्यासक्रमात टिकून राहिली. पुढे २००३ च्या कायद्याने सर्वच आरोग्य व्यावसायिकांसाठी सांस्कृतिक सक्षमतेचे निकष ठरवणे बंधनकारक केले.

लेनिंजर आणि रॅम्सडेन यांच्या विचारांतील भेद मूलगामी आहे. लेनिंजर परिचारिकेला रुग्णाची संस्कृती अभ्यासण्यास सांगतात; रॅम्सडेन तिला प्रथम स्वतःची संस्कृती, स्वतःचे पूर्वग्रह आणि स्वतःच्या हातातील सत्ता तपासण्यास सांगतात. लेनिंजर यांच्याकडे काळजी रुग्णाच्या संस्कृतीशी सुसंगत आहे की नाही हे ठरवण्यात अभ्यासू परिचारिकेचा वाटा मोठा आहे. रॅम्सडेन यांच्या मते सेवा सुरक्षित होती की नाही, हे सांगण्याचा अधिकार सेवा घेणाऱ्याचा आहे. आपल्या शोधप्रबंधात रॅम्सडेन यांनी आपला विचार आंतरसांस्कृतिक परिचर्येपेक्षा वेगळा असल्याचे स्पष्ट केले. या भेदाचे मूळ दोघींच्या स्थानात शोधता येईल. लेनिंजर दुसऱ्या समाजात अभ्यासक म्हणून गेल्या होत्या. रॅम्सडेन ज्या समाजाचा अभ्यास केला जातो, त्या समाजातून आल्या होत्या.

मूल्यमापन

असे असले तरी रॅम्सडेन यांच्या टीकेमुळे लेनिंजर यांचे कार्य निरर्थक ठरत नाही. सर्व रुग्ण सारखेच आहेत, ही समजूत प्रतिष्ठित होती, त्या काळात लेनिंजर यांनी वेगळेपणाला ज्ञानाचा दर्जा मिळवून दिला. परिचारिका ही केवळ डॉक्टरांच्या सूचना पाळणारी व्यक्ती नसून ती निरीक्षण करते, प्रश्न विचारते आणि सिद्धान्तही मांडू शकते, हे त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने दाखवून दिले. रुग्णाच्या जगाला विद्यापीठात स्थान मिळाल्यावरच, त्या जगाविषयी बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा पुढचा प्रश्न तेथे विचारता आला. या अर्थाने दुसरा टप्पा पहिल्याला विरोध करतो आणि त्याच्यावर उभाही राहतो.

निष्कर्ष

१) लेनिंजर यांचा विचार ग्रंथालयात जन्मला नाही. प्रत्यक्ष कामात आपले शास्त्र अपुरे पडते, हे मान्य करण्यातून तो निर्माण झाला.
२) काळजी सार्वत्रिक असली तरी तिची रूपे भिन्न असतात, म्हणून सर्वांना एकसारखी वागणूक दिल्याने न्याय होईलच असे नाही.
३) दुसऱ्याच्या संस्कृतीची माहिती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. स्वतःच्या सत्तेचे भान नसेल, तर ती माहितीही शिक्का मारण्याचे साधन बनते.
४) सेवेची अंतिम कसोटी सेवा घेणाऱ्याच्या अनुभवात आहे, हे या इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे फलित होय.

अध्यापन क्षेत्रातील आपण सर्वांनी या फलिताकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे. आपल्या वर्गातही वेगवेगळ्या बोली, जाती, धर्म आणि आर्थिक स्तर यांतून आलेले विद्यार्थी एकत्र बसतात. ‘मी सर्वांना सारखेच शिकवतो’ हे आपण निःपक्षपातीपणाचे प्रमाण म्हणून सांगतो. ते शिकवणे कोणापर्यंत पोहोचले आणि कोणाला वर्गात परके वाटले, याचे उत्तर मात्र विद्यार्थ्यांकडूनच मिळू शकते. ते ऐकण्याची इच्छा, म्हणजेच मूळ अर्थाने शुश्रूषा, हा परिचारिकेप्रमाणेच शिक्षकाच्याही कर्तव्याचा भाग आहे.